तिकीट खिडकीपासून खतावणीपर्यंत : एका मध्यम खर्चाच्या गुन्हेपटाचा हिशेब

(दृश्य : अलका टॉकीजचा चौक, संध्याकाळ. सिग्नलला थांबलेल्या दुचाकी आणि त्यांच्यावर झुकलेले चित्रपटांचे फलक.)

शुक्रवार, ५ ऑक्टोबर २०१८. पुण्यातच घडणारी आणि मोठ्या प्रमाणावर पुण्यातच चित्रित झालेली, एका अंध म्हणवणाऱ्या पियानोवादकाची गोष्ट त्या दिवशी देशभरातील पडद्यांवर आली. चित्रपटाचे नाव 'अंधाधुन'. दिग्दर्शक श्रीराम राघवन हे लॉ कॉलेज रस्त्यावरील फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचे माजी विद्यार्थी. पहिल्या दिवशी या चित्रपटाने देशात सुमारे २ कोटी ७० लाख रुपयांचा निव्वळ, म्हणजे कर वजा जाता उरलेला, गल्ला जमवला, शनिवारी तो सुमारे ५ कोटींवर गेला आणि रविवारी ७ कोटींच्या पुढे सरकला. पुढच्या वर्षी चीनमध्येही प्रदर्शित झाल्यानंतर जगभरातील एकूण गल्ला सुमारे ४५६ कोटींवर पोहोचला, तर खर्चाचा जो आकडा व्यापारी वर्तुळात सांगितला गेला तो होता सुमारे ३२ कोटी.

हे दोन आकडे शेजारी शेजारी छापले की वाचणारा सरळ वजाबाकी करून मोकळा होतो. चारशे चोवीस कोटींचा नफा! चित्रपटाच्या धंद्यात ज्याने एकदाही खतावणी उघडून पाहिली आहे, तो ही वजाबाकी ऐकून हसेल, कारण यातला पहिला आकडा प्रेक्षकांच्या खिशातून गेलेल्या पैशांचा आहे आणि दुसरा निर्मात्याच्या खिशातून गेलेल्या पैशांचा. या दोन खिशांच्या मधल्या वाटेवर कोण कोण उभे असते, हे पाहण्यासाठी हा माहितीपट आहे.

आधी खर्चाकडे वळू.

(दृश्य : फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील जुना प्रभात स्टुडिओ.)

कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली, आणि तिच्याच जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. प्रभातच्या काळी नट, छायालेखक, सुतार, रंगारी आणि शिंपी असे सगळेच कंपनीचे पगारी नोकर असत. खर्च महिन्याचा असे; चित्रीकरण चार दिवस लांबले तरी सुताराचा पगार तोच राहात असे. आज त्या आवारापासून हाकेच्या अंतरावर चित्रीकरण करणाऱ्या निर्मात्याचा खर्च मात्र दिवसाचा, खरे तर शिफ्टचा असतो. कॅमेरा, लेन्स, दिवे, जनरेटर व्हॅन, व्हॅनिटी व्हॅन या सगळ्यांचे भाडे दिवसावर, लाइटमनपासून स्पॉटदादापर्यंत प्रत्येकाची मजुरी शिफ्टवर आणि शिफ्ट संपल्यावर पॅकअप झाले नाही तर पुढचे तास वाढीव दराने. म्हणून आजच्या निर्मात्याला 'किती दिवसांचे शेड्यूल' हा प्रश्न 'गोष्ट काय' या प्रश्नाच्या आधी विचारावा लागतो.

गुन्हेपटाचे गणित याच कारणाने इतर चित्रपटांपेक्षा थोडे वेगळे बसते. त्यात परदेशातील गाणी नसतात, शेकडो नर्तक नसतात, ऐतिहासिक चित्रपटासारखे वाडे आणि किल्ले उभारावे लागत नाहीत. एक सदनिका, एक पोलीस चौकी, एक कारखान्याचे आवार आणि दोन रस्ते एवढ्यावर कथा उभी राहू शकते. मात्र ही बचत रात्र खाऊन टाकते. खून रात्री होतात, पाठलाग रात्री होतात, मृतदेह रात्री हलवले जातात, आणि पडद्यावर काळोख नीट दिसावा यासाठी प्रत्यक्षात फार उजेड लागतो. रात्रीच्या चित्रीकरणाला मोठे दिवे, जास्त क्षमतेचे जनरेटर, ओला रस्ता दाखवायचा असेल तर पाण्याचे टँकर आणि शिवाय सगळ्या युनिटचे रात्रीचे जेवण असा हिशेब वाढत जातो. दुसरा खर्च ध्वनीचा. बंद दारामागचे पाऊल आणि थांबलेला श्वास ऐकू आला नाही तर गुन्हेपट लंगडा पडतो, त्यामुळे ध्वनिआरेखन आणि पार्श्वसंगीत यांच्यावर काटकसर करणारा निर्माता शेवटी संकलकाच्या टेबलावर पस्तावतो.

पुण्यात चित्रीकरण करणे स्वस्त की महाग, याचे उत्तर पुणेरी पद्धतीनेच द्यावे लागते, म्हणजे 'कशावर अवलंबून आहे, ते आधी ठरवा'. यंत्रसामग्री आणि बरेचसे तंत्रज्ञ मुंबईहून येतात, त्यामुळे त्यांचा प्रवास आणि राहण्याची सोय हा खर्च वाढतो. उलट बाजूस, १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या रंगमंचावर घडत आलेल्या नटांच्या पिढ्या याच शहरात आहेत. हवालदार, पानवाला, साक्षीदार, वकील अशा दहा-बारा लहान भूमिकांसाठी तयारीचे नट येथेच मिळतात आणि पॅकअप झाल्यावर ते स्वतःच्या घरी जाऊन झोपतात. पेठांमधील अरुंद बोळ कॅमेऱ्याला फार देखणे दिसतात, पण जनरेटर व्हॅन तेथे शिरत नाही, आणि मुख्य रस्त्यावरून केबल ओढत आणली की केबलचे भाडे, माणसे आणि शेजारपाजारचा वैताग हे तिन्ही वाढतात. महापालिका आणि वाहतूक पोलीस यांच्या परवानग्या, ठेवलेली अनामत आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस या गोष्टी अंदाजपत्रकात आधीच धराव्या लागतात. ज्यांनी त्या धरलेल्या नसतात, त्यांच्या खतावणीत त्या 'इतर' या सदराखाली नंतर अवतरतात.

व्याज हा खर्च पडद्यावर कोठेच दिसत नाही. चित्रपटनिर्मितीला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा केंद्र सरकारने १९९८ साली केली, तरी मध्यम खर्चाच्या चित्रपटाचा बराचसा पैसा आजही खासगी सावकारीतून आणि भागीदारांच्या खिशातून येतो. २ कोटींचे कर्ज दरमहा २ टक्क्यांनी घेतले असे गृहीत धरले, तर महिन्याचे व्याज ४ लाख होते. प्रदर्शनाची तारीख सहा महिने पुढे गेली की २४ लाख रुपये कोणतेही दृश्य न वाढवता संपतात.

(दृश्य : बहुपडदा चित्रपटगृहाची तिकीट खिडकी. एका तिकिटाचा जवळून घेतलेला कागद.)

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. हिशेबाला सोपे पडावे म्हणून १७७ रुपयांचे एक तिकीट घेऊ. १०० रुपयांवरील तिकिटाला १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, म्हणजे या तिकिटातील मूळ किंमत १५० रुपये आणि कर २७ रुपये. १७७ रुपये हा ढोबळ गल्ला आणि १५० रुपये हा निव्वळ गल्ला. वर्तमानपत्रात जेव्हा चित्रपटाची कमाई छापून येते, तेव्हा देशातील आकडा बहुधा निव्वळ असतो आणि परदेशातील आकडा ढोबळ, आणि 'जगभरातील कमाई' म्हणून जी एकच मोठी रक्कम सांगितली जाते ती सगळीकडची ढोबळ बेरीज असते. त्यातच आपल्याकडे तिकीटविक्रीची कोणतीही सार्वजनिक, लेखापरीक्षित नोंदवही नाही, त्यामुळे छापून येणारे आकडे निर्मात्यांच्या प्रसिद्धिपत्रकांतून आणि व्यापार विश्लेषकांच्या अंदाजांतून तयार होतात.

हा कर नेहमी एवढाच नव्हता. महाराष्ट्रात पूर्वी करमणूक कर होता आणि मराठी चित्रपटांना त्यातून सूट होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा ती सूट संपली आणि १०० रुपयांवरील प्रत्येक तिकिटाला २८ टक्के कर लागू झाला. हा दर १८ टक्क्यांवर आला तो १ जानेवारी २०१९ रोजी. म्हणजे ऑक्टोबर २०१८ मध्ये लागलेल्या 'अंधाधुन'ची देशातील मुख्य कमाई २८ टक्क्यांच्या काळातली आहे. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर केवळ ५ टक्के कर आहे, पण शनिवारी संध्याकाळी कोथरूडच्या बहुपडदा चित्रपटगृहात १०० रुपयांचे तिकीट शोधणाऱ्याला शुभेच्छा देण्यापलीकडे आम्ही काही करू शकत नाही.

उरलेल्या १५० रुपयांची वाटणी चित्रपटगृह आणि वितरक, म्हणजे निर्मात्याच्या वतीने चित्रपट चित्रपटगृहांपर्यंत पोहोचवणारा व्यापारी, यांच्यात होते, आणि या वाटणीमागे एक भांडण आहे. एप्रिल ते जून २००९ या काळात हिंदी चित्रपटांचे निर्माते आणि बहुपडदा चित्रपटगृहे यांच्यात वाट्यावरून संप झाला आणि ऐन सुट्टीच्या हंगामात मोठे हिंदी चित्रपट लागलेच नाहीत. तडजोडीत ठरलेले प्रमाण असे की पहिल्या आठवड्यात निव्वळ गल्ल्याचे ५० टक्के वितरकाला, दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि चौथ्यापासून पुढे ३० टक्के. मोठ्या चित्रपटांसाठी यात थोडे वर-खाली होते, पण हा साचा टिकला. आपल्या तिकिटाचे पहिल्या आठवड्यात ७५ रुपये चित्रपटगृहाकडे राहतात आणि ७५ रुपये वितरकाकडे जातात. वितरकाने १० टक्के कमिशन कापले असे धरले तर निर्मात्याच्या बाजूस साडेसदुसष्ट रुपये उरतात. डिजिटल प्रतीसाठी दर पडद्यागणिक द्यावे लागणारे शुल्क आणि प्रसिद्धीचा खर्च याच रकमेतून वसूल व्हायचा असतो. मध्यंतरात विकल्या जाणाऱ्या पॉपकॉर्नमध्ये निर्मात्याचा वाटा शून्य.

उतरत्या टक्केवारीचा खरा फटका कोणाला बसतो, हे येथे थांबून पाहण्यासारखे आहे. मोठ्या नटाचा चित्रपट पहिल्या तीन दिवसांत बहुतेक कमाई करतो, म्हणजे त्याची बरीच तिकिटे ५० टक्क्यांच्या दराने विकली जातात. मध्यम खर्चाच्या गुन्हेपटाला असा नट परवडत नाही. तो तोंडोतोंडी चालतो. 'शेवट सांगत नाही, पण बघच' असे कोणीतरी कार्यालयात सांगते आणि ऐकणारा पुढच्या शनिवारी जातो, त्याचा मेहुणा त्याच्या पुढच्या. प्रेक्षक तेवढेच असले तरी ते दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात आले म्हणून निर्मात्याला दर तिकिटामागे कमी पैसे मिळतात. जो चित्रपट केवळ स्वतःच्या गुणावर उभा राहिला, त्यालाच ही पद्धत कमी मोजून देते. आमच्या मते या व्यवहारातील सर्वांत अन्यायकारक कलम हेच आहे, आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

(दृश्य : कागदावर पेनाने मांडली जाणारी बेरीज.)

आता 'अंधाधुन'कडे परत येऊ. देशातील निव्वळ गल्ला सुमारे ७४ कोटी. सर्व आठवड्यांचा सरासरी वाटा ४५ टक्के धरला, तर वितरकाकडे आलेली रक्कम सुमारे ३३ कोटी होते. म्हणजे ज्या चित्रपटाला पुढे सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि जो लोकांनी आठवडेच्या आठवडे उचलून धरला, त्याने देशातील तिकीट खिडकीवर जेमतेम आपला सांगितलेला खर्च भरून काढला. हा आमचा अंदाज आहे, निर्मात्यांचा ताळेबंद नव्हे. पण त्याची दिशा चुकण्यासारखी नाही.

चीनमध्ये हा चित्रपट ३ एप्रिल २०१९ रोजी लागला आणि तेथील ढोबळ गल्ला सव्वातीनशे कोटींच्या वर गेला. तेथे परदेशी चित्रपट दोन वाटांनी जातात. महसुलातील वाट्याच्या वाटेने गेलेल्या चित्रपटाला २०१२ च्या करारापासून तिकीटविक्रीच्या २५ टक्के मिळतात, तर दुसऱ्या वाटेत चित्रपट ठोक किमतीला विकला जातो आणि तो कितीही चालला तरी मुख्य रक्कम आधीच ठरलेली असते. उदार होऊन पहिला दर लावला, तरी सव्वातीनशे कोटींतून निर्मात्याच्या बाजूस सुमारे ८१ कोटी येतात. सुरुवातीच्या त्या चारशे चोवीस कोटींचे काय झाले, हे आता वेगळे सांगायला नको. तरीही हा चित्रपट व्यापाराच्या दृष्टीने घसघशीत यशस्वी ठरला यात शंका नाही.

असे भाग्य अपवादाने येते, म्हणून सर्वसाधारण मराठी गुन्हेपटाचा एक मासला मांडून पाहू. पुढील आकडे कोणत्याही प्रत्यक्ष चित्रपटाचे नाहीत; ते आम्ही हिशेबासाठी धरले आहेत. लेखन आणि दिग्दर्शन यांना ५० लाख, नटांना १ कोटी, तीस दिवसांचे चित्रीकरण दिवसाला ६ लाखांप्रमाणे १ कोटी ८० लाख, कला आणि वेशभूषा ४० लाख, संकलनापासून रंगसंस्करणापर्यंतचे सगळे काम ७० लाख, आणि व्याज, विमा व कार्यालय ६० लाख. बेरीज ५ कोटी. त्यात प्रसिद्धी आणि प्रदर्शनाचे दीड कोटी मिळवले की साडेसहा कोटी होतात. दूरचित्रवाणी आणि ओटीटी यांच्या हक्कांतून २ कोटी येतील आणि राज्य शासनाच्या योजनेत 'अ' दर्जा मिळून ४० लाखांचे अनुदान हाती पडेल असे मानले, तर ४ कोटी १० लाख रुपये तिकीट खिडकीवरून यावे लागतात. सरासरी ४५ टक्के वाटा आणि त्यातून १० टक्के कमिशन वजा जाता निर्मात्याला निव्वळ गल्ल्याचे साधारण ४० टक्के मिळतात. म्हणजे केवळ मुद्दल निघण्यासाठी १० कोटींहून अधिक निव्वळ गल्ला हवा. दीडशे रुपयांच्या सरासरीने ही सुमारे पावणेसात लाख तिकिटे झाली. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांच्या थोडी वर होती. त्यातील दर चौदा माणसांमागे एकाने, तान्ह्या मुलांसकट, तिकीट काढले तर निर्माता ना नफा ना तोटा या रेषेवर उभा राहील. आणि ओटीटीचा व्यवहार फिसकटला तर हीच संख्या दहा लाखांवर जाते.

हे प्रेक्षक येणार कोठून, हा पुढचा प्रश्न. चित्रपट व्यापाराचा नकाशा अजून इंग्रजांच्या आणि निजामाच्या काळातलाच आहे. पुणे हे 'मुंबई सर्किट' या वितरण विभागात येते, नागपूर सी. पी. बेरारमध्ये (मध्य प्रांत व वऱ्हाड) आणि मराठवाडा निजाम सर्किटमध्ये. संयुक्त महाराष्ट्र १९६० साली झाला, पण वितरकांच्या वहीत तो झालेला नाही. मराठी चित्रपटाचा निर्माता बहुतेक भिस्त मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या पट्ट्यावर ठेवतो, आणि तेथेही खेळाच्या वेळेचा झगडा असतो. राज्य शासनाने २०१५ साली बहुपडदा चित्रपटगृहांनी दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी चित्रपटाचा एक खेळ लावावा असे ठरवले. दुपारी सव्वाबाराचा खेळ या अटीत चपखल बसतो आणि नोकरदार प्रेक्षकाच्या दिवसात कोठेच बसत नाही.

गुन्हेपटाला आणखी एक अडचण प्रमाणपत्राची. हिंसा आणि शिव्या यांमुळे 'अ' म्हणजे केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले, तर घरातील मुले वजा होतात आणि मुलांसोबत बहुधा त्यांचे आईवडीलही. शिवाय तसा चित्रपट आहे त्या रूपात दूरचित्रवाणीवर दाखवता येत नाही. त्यासाठी काटछाट करून नव्याने प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि वाहिनी हक्कांची किंमत ठरवताना ही गोष्ट विसरत नाही. मासल्यातील त्या २ कोटींना येथे कात्री लागते.

(दृश्य : मुळशी तालुक्यातील रस्ता. एका बाजूला भातखाचरे, दुसऱ्या बाजूला गृहप्रकल्पांचे फलक.)

'अंधाधुन'नंतर सातच आठवड्यांनी, २३ नोव्हेंबर २०१८ रोजी, दिग्दर्शक प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. पुण्याच्या वेशीवरील जमिनी विकल्या गेल्यानंतर शेतकऱ्यांची मुले गुन्हेगारीकडे कशी ओढली गेली, हा त्याचा विषय. या चित्रपटाला मोठा नट लागला नाही, कारण विषय ज्यांच्या घरात घडला होता ते लोक चित्रपटगृहापासून तासाभराच्या अंतरावर राहात होते. खतावणीच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मात्र तीन वर्षांनी दिसले. २६ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याच कथेवरचा 'अंतिम' हा हिंदी चित्रपट महेश मांजरेकर यांच्या दिग्दर्शनाखाली आणि सलमान खान यांच्यासह पडद्यावर आला.

अशा पुनर्निर्मितीचे, म्हणजे तीच कथा दुसऱ्या भाषेत काढण्याचे, हक्क विकून मिळणारी रक्कम चित्रपटगृहाशी वाटून घ्यावी लागत नाही, आठवड्यागणिक तिची टक्केवारी उतरत नाही आणि तिच्यासाठी एकही फलक लावावा लागत नाही. जमेची बाजू अशी उशिरा भरत जाते, पण त्यासाठी कथेचे हक्क निर्मात्याने स्वतःकडे राखलेले असावे लागतात. पहिल्याच आठवड्यातील व्याज भागवण्यासाठी ज्याने सगळे हक्क एकगठ्ठा विकून टाकले, त्याला पुढची भाषा कितीही चांगली साधली तरी तिचा उपयोग नसतो. 'अंधाधुन'ची कथा २०२१ साली तेलुगूत 'मॅस्ट्रो' आणि मल्याळममध्ये 'भ्रमम' या नावांनी आली आणि दोन्ही चित्रपट भारतात थेट ओटीटीवर गेले. तमिळमधील 'अंधगन' पडद्यावर यायला ऑगस्ट २०२४ उजाडला. पुण्यात चित्रित झालेल्या त्या पियानोच्या गोष्टीला तोवर सहा वर्षे होत आली होती.